टर्बो निवेपर्यंत

प्रिय आई,

पाकीट उघडताना हाताला काहीतरी टणक लागलं असेल. ते तसंच बाजूला ठेव आणि आधी हे वाच. पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. मी तुला आयुष्यात एकच पत्र लिहिलंय, तेही तिसरीत बाईंनी फळ्यावरून उतरवून घ्यायला लावलं म्हणून. पण फोनवर तू माझं ऐकत नाहीस. म्हणजे ऐकतेस, पण अर्ध्यावर. मी म्हणतो, आई, आज आजोबा… की तू विचारतेस, किल्ली मिळाली का? पत्राचं बरं असतं, ते मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू एवढी उधळी नाहीस.

तू मला इथे डोंगरात धाडलंस ते दोनच कामांसाठी. आजोबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायची, आणि त्यांना पोलीस ठाण्यात नेऊन वाहन परवाना परत करायला लावायचा. मग तो नागोयाचा जुन्या गाड्यांचा शौकीन ट्रक घेऊन येणार आणि गाडी उचलून नेणार. तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं, आजही बरंचसं पटतं. टीव्हीवर सारखा कुठला तरी म्हातारा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून दुकानात घुसलेला असतो. त्यात शेजारच्या होरिगोमे काकूंनी तुला फोन करून सांगितलं, की तुझे बाबा सोसायटीच्या दुकानासमोर गाडी चालू ठेवून नुसते बसून असतात, काचेवर टकटक केली तरी वळून बघत नाहीत. तुझी झोप उडाली. कोणाचं पोर त्या गाडीखाली आलं तर मी कुठे तोंड दाखवू, असं तू म्हणालीस.

मी म्हटलं, एका दुपारचं काम. बॅग दाराशीच ठेवली, चेनसुद्धा उघडली नाही. तुला माहीत आहे माझ्या पायाला भिंगरी आहे ते. कोबीच्या शेतात होतो तेव्हा मला बर्फातल्या लिफ्टवरचं काम दिसायला लागलं, लिफ्टवर होतो तेव्हा गरम झऱ्याच्या हॉटेलातल्या गाद्या घालायचं. आता डिसेंबरपासून दक्षिणेच्या बेटावर ऊसतोडणी ठरली होती. तिथला मालक मला बोटीच्या तिकिटाबद्दल सारखा निरोप पाठवत होता, आणि निरोपाबरोबर समुद्राचे फोटोही. त्या समुद्राचा रंग काय सांगू तुला. पण ते राहू दे. तू म्हणशील, मुद्द्यावर ये.

मी आलो तेव्हा आजोबा गाडीखाली होते. गोठ्याच्या त्या जुन्या शेडमधून फक्त दोन पाय आणि ते ठिगळाचे मोजे बाहेर. मी नमस्कार केला. खालून आवाज आला, आलास? बरं झालं, तुझे हात बारीक आहेत, इकडून आत घाल. बस्स. तीन वर्षांनी भेटलेल्या नातवाशी एवढंच. मी कोट काढायच्या आधी माझा हात कोपरापर्यंत इंजिनमध्ये होता आणि आजोबा मला सांगत होते की ती रबरी नळी ओढू नकोस, फिरव आणि मग काढ, म्हाताऱ्या माणसाचं बोट धरल्यासारखी. नळी माझ्या हातात कडकन तुटली, वाळलेल्या शेवयीसारखी. आजोबा म्हणाले, तुटायचीच होती, दुसरी आणलीये. मग त्यांनी मला ओळीने सगळ्या नळ्या बदलायला लावल्या. गाड्या दुरुस्त करायच्या शाळेतून मी वर्षभरात पळून आलो तेव्हा तू रडली होतीस. त्या वर्षात माझ्या डोक्यात जेवढं शिरलं नाही तेवढं त्या दुपारी शिरलं. किल्लीचं मी विसरूनच गेलो.

जेवताना आठवलं. आजोबांनी रुंद शेवयांची ती घट्ट भाजी-आमटी केली होती, आपल्याकडच्या नेगी कांद्याची जाडजूड पात घालून. मी वाडग्यात बघत बघत म्हटलं, आईने किल्ली मागितलीये. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते शेवया खात राहिले. मग म्हणाले, या महिन्यात गाडीची दोन वर्षांची तपासणी आहे, ती होऊ दे. गाडी पास झाली तर किल्ली माझी. नापास झाली तर मी स्वतः तुझ्या हातात देतो, नेऊन दे तिला. मी हो म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. तुला दर वेळी फोनवर सांगितलं की बोलणं चालू आहे, आणि ते खोटं नव्हतं, आम्ही बोलतच होतो, फक्त नट-बोल्टबद्दल.

तपासणी जवळ आली की आपल्या घरी काय चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. दोन वर्षं गाडी हवी तशी उंडारते आणि तपासणीच्या आधी तिला सभ्य करायचं. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर घराचं होतं तसं. जाड नळीचा तो गुरगुरणारा सायलेन्सर उतरवायचा आणि कंपनीचा जुना, जुन्या गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेला, परत चढवायचा. बुटक्या स्प्रिंगा काढून उंच स्प्रिंगा लावायच्या, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून नियमाइतकं वर येतं. आणि ती पुढची डावी सीट. गाडी हलकी व्हावी म्हणून आजोबांनी ती गाडी घेतली त्याच वर्षी उपटली, आणि तेव्हापासून ती टीव्हीसमोर आहे. आजी त्या सीटवर बसून विणायची, बाजूला पट्ट्याचं बक्कल लोंबत असायचं. दर दोन वर्षांनी टीव्हीसमोर मोकळी जागा पडायची आणि आजी म्हणायची, आमची खुर्ची परीक्षेला गेलीये.

या वेळी सीट मी उचलली. सायलेन्सरचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडलं, ठोकलं, तापवलं, परत तेल सोडलं. मी शिव्या देत होतो आणि आजोबा म्हणत होते, लेका, बोल्टला घाई कळत नाही, त्याच्याशी गप्पा मार. मी दर थोड्या वेळाने पाना टाकून रस्त्यापर्यंत जाऊन येत होतो. खाली दरीत कोन्याकूचे कंद काढायचं चाललं होतं. मी बघत उभा राहायचो, वाटायचं की चार दिवस त्यांच्यातच जावं. मग शेडमधून हाक यायची. गंमत सांगू? इतक्या ठिकाणी कामं केली, पण नावाने हाक मारून कामाला परत कोणी बोलावलं नव्हतं. बाकीकडे शिट्टी असते.

आता टर्बोचं लिहितो. तुला ते पाठ आहे, तरी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं मला सांगता येणार नाही. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चिमुकला पंखा फिरवतो आणि तो पंखा इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. म्हणून तर साडेपाचशे सीसीची, छोट्या गाडीच्या पिवळ्या नंबरपाटीची ही डबी आपला घाट चढताना मोठ्या गाड्यांना मागे टाकते. पण घाट चढून आलं की तो पंखा निखाऱ्यासारखा लाल झालेला असतो आणि त्याला थंड ठेवणारं तेल इंजिन चालू असेपर्यंतच वाहतं. घरी पोचल्या पोचल्या किल्ली फिरवली तर तेल जागच्या जागी जळतं आणि त्याचा कोळसा होतो. म्हणून अंगणात गाडी लावली की मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. टर्बो निवू द्यायचा. आजोबांच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हा धर्म पाळावा लागतो. लहानपणी मी एकदा किल्लीला हात लावला होता, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर चापट मारलेली मला आठवते. त्यांनी मला मारलेली ती एकच.

होरिगोमे काकू कुंपणावरून सगळं बघत असतात. एक दिवस त्या नेगीची जुडी द्यायला आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पूर्वी मी तांदूळ धुवेपर्यंत तुझ्या आजोबांचा टर्बो निवायचा. हल्ली माझा भात होतो, जेवण होतं, भांडी होतात, तरी हे आपले बसलेलेच. नवीन बसवलाय की काय, मोठा?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. तोपर्यंत मीही फसलो होतो, आई, कारण आजोबा गाडी बंद न करता बसलेत यात कोणाला काय वाटणार? उलट वाटायचं, बघा म्हातारा किती जपतो गाडीला. त्यांचं विसरणं त्यांच्या शिस्तीच्या आड लपून बसलं होतं. दुकानातून यायचे, अंगणात गाडी लावायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि समोरच्या आरशात बघत बसायचे. मिनिट व्हायचं, दहा व्हायची, टोफू पिशवीत गळायला लागायचा. मी जाऊन दार उघडलं की दचकायचे आणि म्हणायचे, झालं का? मी म्हणायचो, झालं. मग किल्ली फिरवायचे.

मी काय केलं असेल? तू असतीस तर डॉक्टरकडे नेलं असतंस. मी सुट्या भागांच्या जुन्या दुकानात गेलो आणि टायमर आणला. छोटी डबी असते, किल्ली काढून उतरून जायचं, इंजिन आपलं आपण मिनिटभर चालतं आणि आपलं आपण बंद होतं. मला वाटलं, इंजिन थांबलं की त्यांना कळेल, आपण घरी आलो, उतरायचं. तुलाही काही दिसणार नाही, काकूंनाही काही दिसणार नाही. दोन दिवस डॅशबोर्डखाली उलटा पडून मी तारा जोडल्या, एकदा हॉर्न लागला तो थांबेचना, ते राहू दे. शेवटी डबी अशी जोडली, की किल्ली काढली नाही तरी हँडब्रेक ओढल्यावर ती मिनिट मोजायला लागेल. आजोबा दुकानात जाऊन आले, अंगणात थांबले, मिनिट झालं आणि इंजिन बंद पडलं.

आई, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन परत सुरू केलं, काच खाली केली आणि म्हणाले, "काढ ते. कधी बंद करायचं ते यंत्र ठरवणार नाही." मी समजावायला लागलो की सगळे लावतात, तरुण पोरं तर हमखास लावतात. ते म्हणाले, त्यांना उतरायची घाई असते. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. चिडून मी टायमर काढला, बॅग खांद्याला लावली आणि खाली बसथांब्यापर्यंत गेलोही. बस सकाळी गेली होती. दुसरी संध्याकाळी. वर परत येताना मनात म्हटलं, परवाना परत केला की म्हाताऱ्यांना बसची कुपनं भेट देतात म्हणे. कुपनं देतात, बस कोण देणार?

परत आलो तर आजोबा शेडमध्ये फळी पुसत होते. त्या फळीवर, वापरातल्या हत्यारांच्या वर, एक जळका टर्बो ठेवलेला आहे. गोगलगायीच्या शंखासारखा, पण मुठीएवढा. मी लहानपणापासून तो बघतोय. मी त्यात बोट घालून पंखा फिरवून पाहिला, फिरत नाही, कोळशाने धरलाय. मी विचारलं, हा कशाला ठेवलाय? नवीन तर कधीच बसवलात. ते म्हणाले, हा मी माझ्या हाताने जाळला. घाट चढून आलो आणि एकदम किल्ली फिरवली. एकदाच फिरवली. दुसऱ्या दिवशी निळा धूर. मी विचारलं, तुम्ही? तुम्ही असं कसं केलंत? तर म्हणाले, "तुझ्या आईला विचार." आणि फडकं धुवायला निघून गेले.

मी तुला विचारलं नाही. मला वाटलं, तू लहानपणी किल्लीशी खेळली असशील. माझं डोकं किती चालतं ते तुला माहीत आहेच.

तपासणीच्या दिवशी वारा सुटला होता, इथला तो कोरडा, डोळ्यांत माती घालणारा. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी तेच चालवणार, रांगेतूनही तेच नेणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. इतकी वर्षं कुठल्या गॅरेजवाल्याला पैसे दिले नाहीत, गाडी स्वतः नेली. मी डाव्या सीटवर बसलो, टीव्हीसमोरच्या सीटवर. आणि आई, घाट त्यांनी असा उतरवला की मला तुझा राग आला. एकही वळण चुकलं नाही, ब्रेक दाबलेला कळला नाही. मनात म्हटलं, या माणसाची किल्ली काढून घ्यायची? आईला काय कळतं. पैज आपण जिंकलो.

तिथलं सगळं तुला ठाऊक असेल, किंवा नसेल, तू कधी गेली नसशील. एक लांबलचक शेड, गाड्या एकामागे एक आत सरकतात, वर दिव्यांची पाटी असते आणि ती सांगेल ते करायचं. माणसं फारसं बोलत नाहीत. आत फक्त चालवणारा, मी बाजूच्या पट्टीवरून चालत होतो. दिवे झाले, हॉर्न झाला, धूर झाला. तपासणारी एक तरुण पोरगी होती, टोपीतून केसांची बट निघालेली, तिने खाली वाकून सायलेन्सर बघितला आणि मान डोलावली. मग गाडीची चाकं ब्रेकच्या रोलरवर गेली. पाटीवर आलं, दाबा. दाबला. पासचा गोल उमटला. पाटीवर आलं, सोडा. सोडला. मग आलं, पुढे जा.

आजोबा पुढे गेले नाहीत.

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि आरशात बघत बसले. अंगणात बसतात तसेच. पाटी लुकलुकत राहिली. मागे टोफूवाल्याची व्हॅन होती, तिच्या मागे अजून गाड्या. कोणी हॉर्न दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ती पोरगी खिडकीशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, झालं. गाडी पुढे घ्यायची." आजोबांनी बोट वर केलं, माणूस महत्त्वाचं काही ऐकत असताना दुसऱ्याला थांबवतो तसं, आणि म्हणाले, जरा थांबा, अजून व्हायचंय. तिने विचारलं, काय व्हायचंय? ते परत आरशात बघायला लागले. मी पट्टी ओलांडून आत गेलो. जायचं नसतं. मी दार उघडलं आणि रोजच्यासारखं म्हटलं, आजोबा, झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर पाटीकडे पाहिलं, त्या पोरीच्या टोपीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, आई. ते कळताना मी त्यांचा चेहरा बघितला, आणि तो मला कोणालाच दाखवायचा नाही. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि उतरले. शर्ट नीट केला. पोरीला आणि मागच्या टोफूवाल्याला वाकून म्हणाले, खोळंबा झाला, माफ करा.

तिने आम्हाला परत रांगेत यायला सांगितलं, चिडून नाही. दुसऱ्या वेळी मी चालवली. आजोबा बाहेरच्या बाकावर बसले होते. गाडी पास झाली. एकदाही लाल दिवा लागला नाही. मी काचेवरचं नवीन तपासणीचं लेबल घेऊन त्यांच्याकडे गेलो, मोठ्या आवाजात म्हटलं, झाली पास, पैज तुमची. ते उठले आणि चालत चालत गाडीच्या डाव्या बाजूला गेले. क्षणभर त्यांना त्या दाराचं हँडल सापडेना. एवढ्या वर्षांत त्या सीटवर त्यांनी फक्त टीव्ही बघितला होता.

घाट मी चढवला. एका वळणाआधी ते म्हणाले, दुसरा गिअर टाक. मी टाकला. पुढच्या वळणाला त्यांनी सांगितलं नाही. अंगणात पोचलो, मी हात मांडीवर ठेवले आणि आम्ही दोघं टर्बो निवायची वाट बघत बसलो. मिनिट झालं. मी किल्लीकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. आणि मान वळवून मागच्या सीटकडे बघितलं, जिथे कोणी नव्हतं, आणि तुझं नाव घेऊन म्हणाले, "थांब. फुमिएचं होऊ दे."

आता तुला लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. पुढची सीट टीव्हीसमोर असायची, म्हणून तू कायम मागे बसायचीस, हे मला माहीत होतं. पण आजोबांनी त्यानंतर जे सांगितलं ते माहीत नव्हतं. अकरा वर्षांची असल्यापासून तू शाळेतून, मग स्टेशनवरून, या गाडीत घरी यायचीस. वाटेत इंजिनाचा आवाज एवढा की बोलणं अशक्य. म्हणून अंगणात पोचल्यावर, टर्बो निवेपर्यंत, तू मागून सगळं सांगायचीस. कोण रुसलं, कोणाला किती गुण, कुठल्या बाईंचा केसांचा टोप आहे. ते आरशातून ऐकायचे. घरात शिरलं की ते परत मुके. ते म्हणाले, दिवसातनं तेवढं एकच मिनिट मी बाप होतो. आणि मग एकदा तू स्टेशनवरून आलीस, एकवीस वर्षांची, आणि अंगणात गाडी थांबल्यावर म्हणालीस, बाबा, मला… आणि त्यांनी किल्ली फिरवली. गावातून त्यांच्या कानावर आधीच आलं होतं. ते म्हणाले, टर्बोपेक्षा मीच जास्त तापलो होतो. उतरून निघून गेले. तुझी बाजू तू मला एकदाच सांगितली होतीस, इस्त्री करताना, माझ्याकडे पाठ फिरवून, की त्यांनी माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. वाक्य काय होतं ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. परवा अंगणात बसून मी मनातल्या मनात वर्षं मोजली. त्या वाक्याचा उरलेला भाग मीच होतो ना? आजोबांना सगळंच आठवत नाही हे खरं आहे. जेवलो की नाही ते विसरतात, मला कधी कधी भलत्याच नावाने हाक मारतात. पण सोसायटीच्या दुकानासमोर, अंगणात, तपासणीच्या रोलरवर ते वाट चुकलेले नव्हते. तुझं बोलणं पुरं व्हायची वाट बघत होते. इंजिन बंद करायला त्यांना भीती वाटते.

काल आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन आलो. परवाना त्यांनी स्वतः खिडकीतून दिला. कुपनं मिळाली, ती त्यांनी होरिगोमे काकूंना देऊन टाकली, म्हणाले, बस दिसली की मलाही दाखवा. किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, गाडी पास झाली, मी नाही, तेव्हा ही फुमिएची. तेच ते पाकिटातलं टणक. दुसरी किल्ली नाही, ती आजीने कधीच हरवली. म्हणजे आता ती गाडी तुझ्याशिवाय सुरू होणार नाही, आणि नागोयावाल्याला द्यायची की नाही तेही तूच ठरव, मी मधे पडणार नाही. मी उसाच्या मालकाला येत नाही म्हणून कळवलं. बॅगेतले कपडे काढले, तळाशी अजून कोबीच्या शेतातली माती निघाली. मला एवढंच सांगायचं होतं आणि बघ किती लांबलं. ती किल्ली घे आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत ये, तिथून काकूंचा ट्रक घेऊन मी तुला आणेन. पुढची सीट मी परत टीव्हीसमोर नेऊन ठेवलीये, मागची पुसून ठेवलीये. आजोबा स्टिअरिंगवर बसतील, गाडी अंगणातून हलणार नाही. मी इंजिन सुरू करून उतरेन, खाली रस्त्यापर्यंत जाईन आणि हाक मारल्याशिवाय येणार नाही. एरवी मिनिटभर पुरतं, पण तू हवा तेवढा वेळ घे. टाकी भरून ठेवलीये.

तुझाच,
तोमोया